फ्लामेंको गिटारीच्या तारा : आंतड्यापासून नायलॉनपर्यंत

संगीताचा इतिहास लिहितांना गायक-वादकांचीं नांवें, त्यांचे गुरु, त्यांचे आश्रयदाते व त्यांच्या मैफली यांचाच उल्लेख बहुधा केला जातो. ज्या तारेवर बोट पडतें ती तार कशाची, ती कोणीं वळली, आणि ती बदलली तेव्हां संगीतांत काय बदललें, हे प्रश्न क्षुल्लक समजून बाजूस सारले जातात. वस्तुतः तार ही तंतुवाद्याची जीभ होय. स्पेन देशाच्या दक्षिणेस आंदालुसिया प्रांतांत फ्लामेंको या नांवानें जें गायन, नर्तन व वादन रूढ आहे, त्यांतील गिटारीच्या तारांचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. शेंकडों वर्षें वापरांत असलेली एक सामग्री विसाव्या शतकाच्या मध्यास थोडक्या वर्षांत मागें पडली; तिची जागा रसायनशाळेंत जन्मलेल्या एका पदार्थानें घेतली; आणि परंपरेचा कडवा अभिमान बाळगणाऱ्या कलावंतांनींही तो पदार्थ आपलासा केला. हें कसें घडलें, आणि त्यांत काय मिळालें व काय गमावलें, हें पाहण्यासारखें आहे.

फ्लामेंकोचें मूळ घर सेव्हिल, कादिस व हेरेस या शहरांच्या परिसरांत. हितानो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेथील जिप्सी कुटुंबांचा या कलेच्या घडणींत फार मोठा वांटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत घरगुती बैठकींतून ही कला ‘काफे कान्तान्ते’, म्हणजे गाण्याचीं उपाहारगृहें, यांत आली. सिल्वेरियो फ्रांकोनेत्ती या प्रसिद्ध गायकानें सेव्हिल येथें चालविलेलें असें गृह विशेष नांवाजलेलें होतें. तेथें गिटारीचें काम म्हणजे गाणाऱ्याची साथ करणें व नाचणाऱ्याचा ताल सांभाळणें. एकीकडे लांकडी रंगमंचावर आपटणाऱ्या टांचा, दुसरीकडे टाळ्या, आणि मध्यें आर्त, चढ्या आवाजांतलें गाणें. ध्वनिवर्धक यंत्र तर नव्हतेंच. या गदारोळांत जिचा नाद ऐकूं येईल अशीच गिटार उपयोगाची होती. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या गोड स्वरापेक्षां झटकन् उमटणारा, कोरडा आणि तितक्याच झटकन् विरणारा स्वर तेथें हवा होता.

अशी गिटार घडविण्याची रीत आल्मेरिया येथील कारागीर आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) याच्या कामापासून स्थिर झाली. आजच्या स्पॅनिश गिटारीचा आकार, तबलीच्या आंतील बाजूस पंख्यासारखी केलेली पट्ट्यांची मांडणी आणि सुमारें ६५ सेंटिमीटर लांबीची तार या गोष्टी त्याच्याच कामामुळें रूढ झाल्या. मैफलीच्या गिटारीची पाठ व कडा परदेशांतून येणाऱ्या शिसवी जातीच्या लांकडाच्या करीत. फ्लामेंको गिटारीच्या मात्र स्पेनमध्येंच मिळणाऱ्या सायप्रस वृक्षाच्या लांकडाच्या. हें लांकूड हलकें व स्वस्त. गरीब वादकाला परवडणारें. तबलीवर बोटांनीं ठोके मारावयाचे असल्यामुळें तिच्यावर एक पातळ संरक्षक पट्टी चिकटविलेली असते. तारा पडद्यांच्या अगदीं जवळ बसविलेल्या असतात. बाराव्या पडद्यापाशीं तार व पडदा यांमध्यें सुमारें तीन मिलिमीटर, कधीं त्याहूनही कमी अंतर असतें. त्यामुळें जोराचा आघात होतांच तार पडद्याला किंचित् स्पर्श करून झणझणते. मैफलीच्या गिटारींत हा दोष मानतात; फ्लामेंकोंत तो, मर्यादेंत असेल तर, गुणच समजला जातो. तंबोऱ्याच्या जवारीची ज्यांच्या कानांना सवय आहे त्यांना ही आवड समजण्यास कठीण जाणार नाहीं.

या गिटारीच्या सहा तारांपैकीं उंच स्वरांच्या तीन तारा तातीच्या, म्हणजे मेंढीच्या आंतड्यापासून वळलेल्या, असत. खर्जाच्या तीन तारा रेशमाच्या धाग्यांच्या गाभ्यावर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची बारीक तार गुंडाळून केलेल्या असत. तात ही वस्तु मराठी माणसाला अपरिचित नाहीं. सारंगीच्या मुख्य तारा तातीच्याच असतात, आणि कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीवरही तीच ताणलेली असे. युरोपांत हा धंदा इटलींत विशेष भरभराटला. तेथील अब्रुत्सी प्रांतांतील साल्ले या डोंगराळ गांवांत पिढ्यान् पिढ्या ताती वळण्याचा व्यवसाय चाले, आणि त्याच गांवच्या कांहीं कुटुंबांनीं पुढें अमेरिकेंत जाऊन तारांचे कारखाने काढले. ताजें आंतडें स्वच्छ करावयाचें, चरबी व मांसल भाग खरवडून काढावयाचा, क्षाराच्या पाण्यांत तें भिजवावयाचें, त्याच्या पट्ट्या एकत्र करून ओल्या असतांनाच त्यांना पीळ द्यावयाचा, मग ताणून वाळवावयाचें आणि शेवटीं घासून गुळगुळीत करावयाचें, अशी ही दुर्गंधीची व कष्टाची कामगिरी होती. तिच्यांतून निघणाऱ्या तारेचा आवाज मात्र उबदार, स्पष्ट आणि बोटाच्या प्रत्येक दाबाला उत्तर देणारा असे.

परंतु तातीचे अवगुणही थोडे नव्हते. कोणत्याही दोन मेंढ्यांचीं आंतडीं सारखीं नसतात. म्हणून कोणत्याही दोन ताती अगदीं सारख्या नसत. एकाच तातीची जाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किंचित् बदलली, तर खुली तार सुरांत लागूनही वरच्या पडद्यांवर ती बेसूर होई. जुने वादक तार विकत घेण्यापूर्वीं तिचीं दोन्ही टोकें ताणून धरून मध्यें छेडीत आणि तिची थरथर डोळ्यांनीं पाहत. कंपनाच्या दोन स्वच्छ कडा दिसल्या तर तार खरी. मध्यें तिसरी अस्पष्ट रेषा दिसली तर ती टाकाऊ. तात हवेंतील ओलावा शोषून घेई व सूर उतरे-चढे. शिवाय नखांच्या आघातानें तिचे धागे सुटत, केंस निघाल्याप्रमाणें ती पिंजली जाई आणि अखेर तुटे. फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) या थोर वादकानें उत्तरायुष्यांत नखें काढून केवळ बोटांच्या मऊ टोकांनीं वाजविण्यास प्रारंभ केला होता. फ्लामेंकोच्या वादकाला ती सवलत नव्हती. मुठींतून एकामागून एक बोटें सोडून सर्व तारांवर वर्षाव करणारा ‘रासगेआदो’, दोन बोटांच्या आलटून-पालटून आघातानें घेतलेली ‘पिकादो’ नांवाची वेगवान् तान, अंगठ्याच्या नखानें तार खालीं-वर फटकारणारी ‘आल्सापूआ’, हें सर्व नखांचें काम. म्हणजे ज्या कलेला सर्वांत चिवट तारेची गरज होती, तिच्याच वांट्याला सर्वांत नाजूक तार आली होती.

हा पेंच सुटला तो संगीताशीं कांहींही संबंध नसलेल्या ठिकाणीं. अमेरिकेंतील डेलावेअर संस्थानांत विल्मिंग्टन येथें ड्यूपॉन्ट कंपनीची प्रयोगशाळा आहे. वॅलेस कॅरोदर्स हा रसायनशास्त्रज्ञ १९२८ सालीं तेथें दाखल झाला. लहान रेणूंची सांखळी जोडून अतिशय लांब रेणु बनवितां येतात काय, याचा तो शोध घेत होता. १९३० सालीं त्याचा सहकारी ज्युलियन हिल याच्या ध्यानांत आलें, कीं अशा एका पदार्थाचा चिकट धागा थंड झाल्यावर ओढला तर तो कित्येक पटींनीं लांबतो आणि लांबल्यावर अधिकच बळकट होतो. कारण ताणल्यानें त्यांतील अस्ताव्यस्त रेणु एका दिशेनें ओळीनें मांडले जातात. २८ फेब्रुवारी १९३५ रोजीं ज्या पदार्थाला पुढें नायलॉन हें नांव मिळालें तो प्रथम तयार झाला. पण कॅरोदर्सला आपल्या शोधाचें यश पाहावयास मिळालें नाहीं. विषण्णतेच्या विकारानें ग्रासलेल्या त्या बुद्धिमान् माणसानें एप्रिल १९३७ मध्यें, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षीं, विष घेऊन जीवनाचा अंत केला. १९३८ सालीं कंपनीनें नायलॉन जाहीर केलें. प्रथम त्याचे दांत घासण्याच्या ब्रशाचे केंस निघाले, आणि मे १९४० मध्यें अमेरिकाभर त्याचे स्त्रियांचे पायमोजे विक्रीस येतांच दुकानांत झुंबड उडाली. वाद्याची तार या पदार्थापासून करावी असा विचार तोंपर्यंत त्याच्या उत्पादकांच्या मनांत नव्हता.

तो विचार महायुद्धानें सुचविला. आंतड्याच्या धाग्यानें केवळ गिटारी बोलत नव्हत्या. शस्त्रक्रियेनंतर जखमा शिवण्याचें कामही तोच धागा करीत असे. युद्ध पेटतांच सैन्याच्या रुग्णालयांची मागणी अपार वाढली आणि ताती वळणारांचा माल तिकडे वळला. खर्जाच्या तारांना लागणारें जपानी रेशीमही १९४१ सालीं अमेरिकेंत येईनासें झालें. स्पेन तर १९३६ ते १९३९ या काळांतील यादवी युद्धानें आधींच उद्ध्वस्त झालेला होता. साबीकास या नांवानें गाजलेला फ्लामेंकोचा श्रेष्ठ वादक त्या यादवींतच मायदेश सोडून दक्षिण अमेरिकेंत गेला होता. नायलॉन स्वतःही लढाईंत सामील झालें. हवाई छत्र्या, दोरखंड व विमानांच्या टायरांतील धागे यांसाठीं तें राखून ठेवण्यांत आलें. गिटार वाजविणाऱ्यांच्या हातीं ना तात, ना रेशीम, ना नायलॉन, अशी स्थिति झाली.

त्या काळांत आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) अमेरिकेंत कार्यक्रम करीत होता. गिटारीला गुत्त्यांतून व उपाहारगृहांतून उचलून मोठ्या संगीतगृहांत मानाचें स्थान मिळवून द्यावयाचें, हें त्यानें आपलें जीवितकार्य मानलें होतें. तारांच्या टंचाईनें तो हैराण झाला असतां ब्रिटिश वकिलातींतील जनरल लिंडमन या स्नेह्यानें ड्यूपॉन्ट कुटुंबांतील मंडळींकडून मिळविलेल्या नायलॉनच्या कांहीं तारा त्याला दिल्या. त्यांचा आवाज त्याला आशादायक वाटला. मात्र त्यांत धातूसारखी एक छटा होती व ती काढून टाकणें अवश्य होतें. हें काम आल्बर्ट ऑगस्टीन या न्यूयॉर्कमधील डॅनिश कारागिरानें अंगावर घेतलें. तो स्वतः गिटारी बनवीत असे. सैन्याच्या जादा सामानाच्या एका दुकानांत त्याला नायलॉनचा अखंड दोरा सांपडला आणि तो त्यानें गिटारीवर चढवून पाहिला. दोऱ्याची जाडी सर्वत्र एकसारखी नव्हती. ती सारखी करण्यासाठीं, पृष्ठभाग घासण्यासाठीं व तारा एकमेकींशीं जुळवून निवडण्यासाठीं त्यानें स्वतःचीं यंत्रें बनविलीं. वादक अशा तारा स्वीकारणार नाहींत, अशी ड्यूपॉन्टच्या अधिकाऱ्यांची प्रथम समजूत होती. तेव्हां त्यांना न दाखवितां तात व नायलॉन अशा दोन्ही तारा वाजवून ऐकविण्यांत आल्या, आणि गिटारीचा खरा आवाज म्हणून त्यांनीं नायलॉनलाच पसंति दिली, अशी हकिकत सांगितली जाते. युद्ध संपल्यावर, १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, ऑगस्टीनच्या तारा बाजारांत आल्या. पुढें खर्जाच्या तारांतील रेशमाची जागाही नायलॉनच्याच बारीक तंतूंच्या जुडग्यानें घेतली.

येथें इतिहासाची एक गंमत दिसून येते. फ्लामेंकोच्या वातावरणांतून गिटारीला दूर नेऊं पाहणाऱ्या सेगोव्हियाच्या आग्रहांतून जी तार जन्मास आली, तिचा मोठा लाभ फ्लामेंकोच्याच वादकांना झाला. नखांनीं न पिंजणारी, घामानें न फुगणारी, महिनोन्-महिने टिकणारी आणि स्वस्त अशी तार त्यांना प्रथमच मिळाली. तथापि सेगोव्हियाला जो आवाज हवा होता तो त्यांना नको होता. म्हणून एकाच पदार्थापासून दोन प्रकारच्या निवडी पुढें आल्या, आणि तारा निवडणें ही फ्लामेंको वादकाच्या दृष्टीनें एक स्वतंत्र विद्याच बनली.

तिचें मर्म समजण्यास तारेचा नियम ध्यानांत घेतला पाहिजे. मारां मेर्सेन या फ्रेंच पंडितानें १६३६ सालच्या आपल्या ग्रंथांत तो मांडला आहे. तार जितकी आंखूड, जितकी ताणलेली व जितकी हलकी, तितका तिचा स्वर उंच. गिटारीची लांबी ठरलेली आणि स्वरही ठरलेले. तेव्हां निवड उरते ती वजनाची व ताणाची. जाड, वजनदार तार त्याच स्वरावर आणावयाची तर ती अधिक ताणावी लागते. गिटारीची प्रत्येक तार साधारणपणें सात-आठ किलोच्या ताणाखालीं असते. सहा तारांचा मिळून भार चाळीस किलोच्या घरांत जातो. अधिक ताणाची तार कमी झुलते. म्हणून पडद्यांच्या जवळ बसविलेल्या तारांवर जोराचे फटकारे मारले तरी ती फार आपटत नाहीं, आणि उजव्या हाताला ती घट्ट उत्तर देते. पण डाव्या हाताला ती दाबण्यास कठीण जाते, आणि तासन् तास नर्तकाची साथ करणाऱ्याचीं बोटें थकतात. कमी ताणाची तार मऊ व चपळ. पण जोरकस रासगेआदोखालीं ती पडद्यांवर खडखडते. नर्तकाच्या साथीला बसणारा व एकट्यानें नाजूक ताना घेणारा अशा दोघांना म्हणूनच एकच संच मानवत नाहीं. तारेची उंची, हाताचा जोर आणि गिटारीच्या तबलीचा जाडेपणा पाहूनच ताण ठरवावा लागतो.

पृष्ठभागाचाही विचार करावा लागतो. नायलॉनची तार सांच्यांतून निघते तशीच ठेविली तर ती पारदर्शक, गुळगुळीत व उजळ आवाजाची असते. ती घासून जाडी अचूक केली तर सूर अधिक खरा लागतो, पण आवाज किंचित् मंद होतो. मैफलीचे कांहीं वादक हा मंदपणा आवडीनें घेतात. फ्लामेंकोचा वादक बहुधा उजळ तार पसंत करतो. नायलॉनमध्यें रंग मिसळून काळ्या किंवा तांबड्या केलेल्या तारांनाही फ्लामेंकोच्या वादकांत चाहते आहेत.

सर्वांत मोठी अडचण तिसऱ्या तारेची. नायलॉन पाण्याहून थोडेंच जड. तात त्याहून जड, पाण्याच्या सुमारें सव्वापट. पदार्थ हलका म्हणजे त्याच ताणासाठीं तार जाड करावी लागते. नायलॉनची पहिली तार सुमारें ०.७ मिलिमीटर जाडीची असते, तर तिसरी एक मिलिमीटरपर्यंत किंवा किंचित् अधिक जाते. इतकी जाड तार दोरीप्रमाणें ताठर बनते. तिचे वरचे सहस्वर दबतात आणि आवाज भुंगा गुणगुणल्यासारखा बोथट होतो. तातीची तिसरी तार या बाबतींत सरस होती, हें नायलॉनच्या कैवाऱ्यांनाही मान्य करावें लागतें. यावर उपाय निघाला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोही मासे धरण्याच्या दोऱ्यांतून. ‘कार्बन’ या लोकप्रिय नांवानें विकला जाणारा हा पदार्थ वस्तुतः फ्लुओरोकार्बन जातीचा असून पाण्याच्या सुमारें पावणेदोन पट जड असतो. त्याची तार बारीक राहते व खणखणीत वाजते. कांहीं वादक त्याचा सबंध संच चढवितात. कांहीं केवळ तिसरी तार त्याची घेऊन पहिल्या दोन नायलॉनच्या ठेवतात. आणि कांहींना त्याची धार फार तीक्ष्ण वाटून ते नायलॉन सोडीत नाहींत.

खर्जाच्या तारांचें आयुष्य मात्र आजही थोडेंच आहे. गुंडाळलेल्या तारेच्या फटींत घाम व मळ शिरतो, चांदीचा मुलामा उडतो, पडद्यांवर घासून वेढे झिजतात, आणि अंगठ्याच्या फटकाऱ्यांत जी झळाळी हवी ती नाहींशी होते. म्हणून फ्लामेंकोचा व्यवसायी वादक खर्जाच्या तारा वरचेवर बदलतो. नव्या तारा चढविल्यावर नायलॉन कांहीं दिवस ताणत राहतें व सूर उतरत राहतो. यासाठीं कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीं सबंध संच बदलण्याचें धाडस अनुभवी वादक सहसा करीत नाहीं.

आतां या सर्व बदलाचा हिशेब मांडावयाचा तर दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. १९२२ सालीं ग्रानादा येथें संगीतकार मान्वेल दे फाय्या, कवि फेदेरिको गार्सिया लोर्का व त्यांचे स्नेही यांनीं फ्लामेंकोच्या जुन्या, गंभीर गायनाची स्पर्धा भरविली. बाजारी करमणुकीमुळें ही कला भ्रष्ट होत आहे, तिचें मूळ रूप जतन केलें पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. तेथें शुद्धतेचा विचार झाला तो गाण्याच्या रीतीचा. तारेचा विचार कोणाच्या मनांत येण्याचें कारणच नव्हतें. पण तीस वर्षें उलटण्याच्या आंत त्या जुन्या गाण्याची साथ करणारी तारच निराळी झाली. तात गेली तेव्हां तिच्याबरोबर एक विशिष्ट नादही गेला. रामोन मोन्तोया या थोर वादकानें १९३६ सालीं पॅरिस येथें एकट्याच्या गिटारवादनाच्या ध्वनिमुद्रिका दिल्या. नायलॉनच्या पूर्वींचा तो काळ असल्यामुळें तातीवर बोलणारी फ्लामेंको गिटार कशी होती हें त्या मुद्रिकांत आजही ऐकावयास मिळतें. मोन्तोया १९४९ सालीं निवर्तला. म्हणजे एका वादकाच्या आयुष्याबरोबरच एका तारेचें युगही जवळ जवळ संपलें. तातींची मागणी सरली तेव्हां त्या वळणारांची पिढीजात हातोटीही अनेक ठिकाणीं निरुपयोगी ठरली. ज्यांनीं कारखाना उभारून नायलॉन हातीं घेतलें ते तरले.

दुसऱ्या बाजूस मिळकतही लहान नाहीं. साबीकासनें (१९१२–१९९०) अमेरिकेंत राहून दिलेल्या ध्वनिमुद्रिकांतील स्वच्छ व बिनचूक ताना जगभर पोहोंचल्या. पाको दे लुसीया याचा जन्म डिसेंबर १९४७ मध्यें आल्हेसिरास येथें झाला, म्हणजे नायलॉनची तार आणि तो हीं जवळ जवळ एकाच वेळीं या कलेंत आलीं. त्याच्या पिढीनें पिकादोचा जो वेग व जी धार साधली, तिचें श्रेय अर्थात् मेहनतीला व प्रतिभेला आहे. परंतु वर्षानुवर्षें दिवसाचे अनेक तास नखांचे आघात सोसणारी तार हातीं नसती तर ती मेहनत करणेंही खर्चाचें व कठीण झालें असतें. गरीब घरांतील मुलाला तुटत्या तारांची धास्ती न बाळगतां सराव करतां येऊं लागला, ही गोष्ट कोणत्याही कलेच्या इतिहासांत मोठीच मानली पाहिजे. २०१० सालीं युनेस्को या जागतिक संस्थेनें फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. त्या वेळीं हा वारसा नायलॉनच्या तारांवरच वाजत होता.

या इतिहासाचें तात्पर्य एवढेंच, कीं परंपरा ही वस्तूंत साठविलेली नसून हातांत व कानांत साठविलेली असते. मात्र वस्तु बदलली कीं हाताला व कानाला पुन्हां शिकावें लागतें. आंदालुसियांतील वादकांनीं नायलॉन मुकाट्यानें घेतलें नाहीं. त्याचा ताण, जाडी, रंग व चमक हीं सर्व आपल्या कानाला पटेपर्यंत त्यांनीं पारखलीं, आणि मैफलीच्या गिटारीसाठीं घडविलेल्या तारेकडून आपला कोरडा, झणझणता, क्षणांत पेटून क्षणांत विझणारा नाद काढून घेतला. आजही तेथील वादक नवी तार चढवितो, खुंटी पिळतो, एक फटकारा मारून कान देतो आणि न पटल्यास ती उतरवून ठेवतो. ताणून धरलेल्या तातीची थरथर न्याहाळणाऱ्या जुन्या वादकाची चिकित्सक दृष्टि या कृतींत अद्याप जिवंत आहे.